इंग्रजीतील ‘बझ’ हा ध्वन्यनुकारी शब्द वाक्यात कसा वापरावा : नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

इंग्रजी नव्याने शिकणाऱ्याला ‘बझ’ हा शब्द बहुधा मधमाशीच्या चित्राखाली भेटतो आणि ‘मधमाशीचा आवाज’ असा अर्थ वहीत लिहिला की तो विषय तिथेच मिटतो. पुढे केव्हातरी “माय फोन बझ्ड”, “द हॉल वॉज बझिंग”, “आय विल बझ यू इन” अशी वाक्ये कानावर पडतात, आणि सभागृहात माश्या शिरल्या की काय, असा प्रश्न पडतो. वहीतला अर्थ चुकीचा नसतो, पण अपुरा असतो. असे शब्द यादी करून पाठ केल्याने येत नाहीत, असे माझे ठाम मत आहे. वाक्यात कर्ता कोण आहे आणि शब्दाच्या मागे कोणता छोटा शब्द आला आहे, या दोन गोष्टींवर त्यांचा अर्थ ठरतो. म्हणून येथे ‘बझ’ हा एकच शब्द घेतला आहे आणि तो नीट बोलता-लिहिता येईपर्यंतच्या पायऱ्या क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी : आपल्या भाषेची सवय ओळखणे

ध्वनीचे अनुकरण करणाऱ्या शब्दांची मराठीत अजिबात वाण नाही. खळखळ, कडकड, किरकिर, गडगडाट, वटवट अशा शब्दांना आपल्या व्याकरणात अनुकरणवाचक शब्द म्हणतात आणि त्यांची गणना अभ्यस्त शब्दांत होते, कारण त्यांत एकच ध्वनी पुन्हा पुन्हा येतो. ही पुनरुक्ती आपल्या जिभेवर इतकी बसलेली असते की इंग्रजी बोलतानाही आपण “द बी इज डूइंग बझ-बझ” असे म्हणून जातो. इंग्रजीत ‘टिक-टॉक’ किंवा ‘डिंग-डाँग’ यांसारखे काही जोडशब्द आहेत, परंतु ‘बझ’ वाक्यात एकदाच येतो. ‘बझ-बझ’ असे दोनदा म्हणणे लहान मुलांशी बोलताना शोभते, मोठ्यांच्या संभाषणात नाही.

दुसरी सवय ‘आवाज करणे’ या जोडणीची आहे. “माशी गूं गूं आवाज करते” हे मराठीत अगदी स्वाभाविक वाक्य असले, तरी त्याचा शब्दशः उतारा म्हणून “द फ्लाय इज मेकिंग बझ साउंड” असे म्हटले तर ते वाक्य लंगडे पडते. इंग्रजीत एकतर शब्दालाच क्रियापद करून “द फ्लाय इज बझिंग” असे म्हणतात, किंवा आवाजाचा उल्लेख करायचाच असेल तर “द फ्लाय इज मेकिंग अ बझिंग साउंड” असे विशेषण वापरतात. या दोहोंपैकी पहिली रचना अधिक सुटसुटीत आहे आणि नवशिक्याने तीच आधी अंगवळणी पाडावी.

हे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. गुणगुण या नामापासून गुणगुणणे, खडखडपासून खडखडणे, फडफडपासून फडफडणे अशी क्रियापदे आपण रोज वापरतो. फरक इतकाच की मराठीत नामाला ‘णे’ लावून क्रियापद सिद्ध करावे लागते, तर इंग्रजीत ‘बझ’ हाच शब्द काहीही न लावता नामाच्या जागी नाम आणि क्रियापदाच्या जागी क्रियापद होतो. “आय हर्ड अ बझ” म्हणजे ‘मला गुणगुण ऐकू आली’, आणि “बीज बझ” म्हणजे ‘मधमाश्या गुणगुणतात’. शब्दाचे रूप दोन्हीकडे सारखेच आहे, म्हणून तो नाम आहे की क्रियापद, हे वाक्यातील त्याच्या जागेवरूनच ओळखावे लागते.

दुसरी पायरी : उच्चार

या शब्दाचा अर्थच त्याच्या उच्चारात असल्यामुळे येथे थोडे अधिक थांबणे योग्य ठरेल. देवनागरीत आपण ‘बझ’ असे लिहितो, परंतु शेवटचा ध्वनी ‘झाड’ किंवा ‘झोप’ या शब्दांतील झ नाही. आपला झ उच्चारताना हवा क्षणभर अडते आणि मग सुटते. इंग्रजी ‘बझ’मधील शेवटचा ध्वनी मात्र अडत नाही, तर श्वास पुरेल तोपर्यंत ताणता येतो. तो मिळवण्याचा सोपा उपाय असा की प्रथम ‘सऽऽऽ’ असा लांब स उच्चारावा, बोटे गळ्याच्या घाटीवर ठेवावीत, आणि जीभ व दात आहेत तिथेच ठेवून केवळ कंठातून आवाज काढावा. बोटांना थरथर जाणवू लागली आणि कानाला माशीसारखा आवाज ऐकू आला की ध्वनी बरोबर जमला. स आणि हा ध्वनी यांत तोंडाची ठेवण एकच असते, फरक केवळ कंठातील कंपनाचा असतो. मधमाशीचा आवाजही कंपनातूनच येतो, कारण ती उडताना तिचे पंख एका सेकंदाला 200 हून अधिक वेळा हलतात. हा शब्द इतका चपखल का वाटतो, ते ध्वनी ताणून पाहिल्यावर लगेच कळते.

मधला स्वर मराठीतील ऱ्हस्व अ सारखा उच्चारला तरी चालतो. स्पेलिंगमध्ये बी, यू आणि शेवटी दोन झेड असतात.

रूपे चारच आहेत आणि ती नियमित आहेत. कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असेल तर वर्तमानकाळात ई-एस लागून ‘बझिझ’ असे दोन अक्षरांचे रूप होते, भूतकाळात ‘बझ्ड’ आणि चालू क्रियेसाठी ‘बझिंग’. ‘बझ्ड’ हे एका दमात, एकाच अक्षरासारखे म्हणावे. ‘बझेड’ असे दोन तुकडे करून म्हणणे ही फार आढळणारी चूक आहे.

तिसरी पायरी : कर्ता कोण आहे ते पाहणे

येथून खरा विषय सुरू होतो. कीटक, यंत्र, जागा, डोके आणि माणूस असे पाच प्रकारचे कर्ते या क्रियापदाला मिळतात आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ थोडा सरकतो.

कीटक कर्ता असेल तेव्हा अर्थ सरळ आहे. “अ बी बझ्ड पास्ट माय इअर” म्हणजे ‘एक मधमाशी गुणगुणत माझ्या कानाजवळून गेली’. या वाक्यात जाण्याचे क्रियापद वेगळे आलेले नाही, याकडे लक्ष द्यावे. मराठीत आपण ‘गुणगुणत गेली’ असे दोन शब्द वापरतो, तर इंग्रजी ध्वनीच्या क्रियापदालाच ‘पास्ट’, ‘अराउंड’, ‘इनटू’ असा दिशेचा शब्द जोडून त्याच्याकडून गतीही सांगून घेते. “द फ्लाय बझ्ड अराउंड द रूम” म्हणजे ‘माशी खोलीभर घोंघावत फिरली’. मराठी माणूस येथे “द फ्लाय वेंट अराउंड द रूम बाय बझिंग” असे काहीतरी रचतो. त्यातून अर्थ पोहोचतो, पण वाक्य अनुवाद केल्यासारखे वाटते. ही रचना एकदा हाती आली की इतर कित्येक ध्वन्यनुकारी क्रियापदे त्याच साच्यात बसतात, म्हणून या पायरीवर मी सर्वांत जास्त भर देईन.

यंत्र कर्ता असेल तेव्हा आवाजापेक्षा थरथर महत्त्वाची असते. फोनची घंटा मोठ्याने वाजली तर “द फोन रँग” म्हणतात, परंतु आवाज बंद असताना तो टेबलावर थरथरला तर “द फोन बझ्ड” म्हणतात. एकदाच थरथरला असेल तर “माय फोन बझ्ड”, आणि थांबतच नसेल तर “माय फोन केप्ट बझिंग ऑल थ्रू द मीटिंग”, म्हणजे ‘बैठकभर माझा फोन सारखा थरथरत होता’. ट्यूबलाइट किंवा जुना स्पीकर यांचा खरखरीत, सलग आवाज सांगण्यासाठीही हेच क्रियापद चालते. मात्र तो आवाज मऊ आणि खालच्या पट्टीतला असेल तर इंग्रजी भाषक ‘हम’ हा शब्द पसंत करतात. मिटलेल्या ओठांनी म्हटलेला म म्हणजे ‘हम’ आणि दातांपाशी घासून निघालेला ध्वनी म्हणजे ‘बझ’, एवढे लक्षात ठेवले तर दोहोंतील निवड सहसा चुकत नाही.

जागा कर्ता होते तेव्हा नवशिक्या गोंधळतो, आणि खरे तर येथे मराठी त्याच्या मदतीला धावून येते. “द हॉल वॉज बझिंग विथ एक्साइटमेंट” या वाक्यात आवाज सभागृह करीत नाही, सभागृहातील माणसे करतात. पण आपणही ‘सभागृह टाळ्यांनी दुमदुमले’ आणि ‘रस्ता माणसांनी गजबजला’ असे म्हणतोच. आवाज माणसांचा असला तरी कर्तेपण आपण जागेलाच देतो. म्हणून “द हॉल वॉज बझिंग” याचा अर्थ लावताना मधमाशी विसरावी आणि ‘गजबजणे’ आठवावे. इतकेच नव्हे, तर ‘टाळ्यांनी’, ‘माणसांनी’ यांतील तृतीयेचा ‘नी’ जे काम करतो तेच काम येथे ‘विथ’ करते. “द रूम वॉज बझिंग विथ पीपल”, “द स्ट्रीट वॉज बझिंग विथ लाइफ” ही वाक्ये त्याच साच्यातली आहेत. ‘नी’ म्हणजे ‘बाय’ असे अनेकांनी पाठ केलेले असल्यामुळे ते “बझिंग बाय पीपल” लिहितात. ते टाळावे.

डोके कर्ता असेल तेथे मात्र मराठीवर पूर्ण विसंबू नये. ‘माझे डोके भणभणते आहे’ यात बहुधा संताप, उन्हाचा ताप किंवा वैताग असतो. “माय हेड इज बझिंग विथ आयडियाज” यात कल्पनांची गर्दी असते आणि वाक्याचा सूर उत्साहाचा असतो. केवळ “माय हेड इज बझिंग” म्हटले तर थकवा, गोंगाट किंवा विचारांची गर्दी यांपैकी काहीही अभिप्रेत असू शकते, म्हणून ‘विथ’ लावून कारण सांगून टाकणे चांगले. कानात सतत गूं असा आवाज येत असेल तर “माय इअर्स आर बझिंग” असे म्हणता येते.

माणूस कर्ता असेल तर दोन शक्यता असतात. “शी वॉज बझिंग अराउंड द ऑफिस” म्हणजे ‘ती कार्यालयात लगबगीने इकडून तिकडे फिरत होती’. कौतुकाने किंवा सहजपणे म्हटलेले हे वाक्य आहे, त्यात दोष दाखवलेला नाही. दुसरी शक्यता भावनेची आहे, पण तिच्यात एक धोका असल्यामुळे ती पुढे स्वतंत्रपणे सांगितली आहे.

चौथी पायरी : मागचा छोटा शब्द

‘बझ’च्या मागे ‘इन’ आला की दाराशी संबंध येतो. मोठ्या इमारतींमध्ये खालचे दार बंद असते, बाहेरच्या माणसाने बटण दाबल्यावर वरचा माणूस आपल्या खोलीतून कळ दाबतो, गूं असा आवाज होतो आणि दाराचे कुलूप सुटते. त्या आवाजावरून “आय विल बझ यू इन” म्हणजे ‘मी दार उघडून तुम्हाला आत घेतो’. बाहेर उभा असलेला माणूस “कुड यू बझ मी इन, प्लीज?” अशी विनंती करतो. येथे ‘यू’ किंवा ‘मी’ हे कर्म ‘बझ’ आणि ‘इन’ यांच्या मध्ये येते, ते शेवटी टाकू नये. प्रश्नमंजुषेत मात्र “शी बझ्ड इन फर्स्ट” असे कर्माशिवायचे वाक्य ऐकू येते आणि त्याचा अर्थ ‘उत्तर देण्यासाठी तिने सर्वांत आधी कळ दाबली’ असा होतो. कर्म आहे की नाही, एवढ्यावरून दार आणि स्पर्धा यांतला फरक कळतो.

‘ऑफ’ आला तर सावध व्हावे. “बझ ऑफ!” म्हणजे ‘चालता हो, मला त्रास देऊ नकोस’. हा शब्दप्रयोग फार शिवराळ नाही, पण उद्धट निश्चित आहे. तो ऐकल्यावर अर्थ कळणे पुरेसे आहे. अनोळखी माणसाशी, वरिष्ठांशी किंवा वयाने मोठ्या माणसाशी तो कधीही वापरू नये.

छोटा शब्द मुळीच नसेल आणि थेट कर्म असेल तर आणखी एक अर्थ निघतो. “द प्लेन बझ्ड द एअरफील्ड” म्हणजे ‘विमान धावपट्टीवरून अगदी खालून, वेगाने गेले’. हा प्रयोग रोजच्या बोलण्यात क्वचित येतो, परंतु बातम्यांमध्ये आढळतो.

पाचवी पायरी : नाम म्हणून वापर

नाम म्हणून ‘बझ’चे तीन अर्थ रोजच्या व्यवहारात उपयोगी पडतात. पहिला आवाजाचा : “द लो बझ ऑफ कॉन्व्हर्सेशन”, म्हणजे ‘बोलण्याची मंद गुणगुण’. दुसरा चर्चेचा : एखादा चित्रपट, फोन किंवा पुस्तक येण्यापूर्वीच लोकांच्या तोंडी त्याचे नाव असेल तर “देअर इज अ लॉट ऑफ बझ अबाउट इट” असे म्हणतात. या अर्थी अनेकवचन करू नये. ‘मेनी बझिझ’ असे कोणी म्हणत नाही, चर्चा कितीही असली तरी ती ‘अ लॉट ऑफ बझ’ असते. ज्याविषयी चर्चा आहे ते सांगताना ‘अबाउट’ किंवा ‘अराउंड’ लावावे.

तिसरा अर्थ आनंदाच्या झटक्याचा आहे : “आय गेट अ रिअल बझ आउट ऑफ टीचिंग”, म्हणजे ‘शिकवण्यात मला विलक्षण उत्साह मिळतो’. येथे ‘अ’ हे उपपद आवश्यक आहे. त्याच जातीचा “आय विल गिव्ह यू अ बझ टुमॉरो” हा प्रयोग आहे, त्याचा अर्थ ‘उद्या तुम्हाला फोन करतो’ एवढाच आहे. मित्राला किंवा जवळच्या सहकाऱ्याला हे म्हणणे ठीक आहे, पण नोकरीच्या अर्जात किंवा कार्यालयीन पत्रात साधे “आय विल कॉल यू” लिहावे. ‘बझ’चे बहुतेक लाक्षणिक प्रयोग अनौपचारिक आहेत, आणि हे भान सुटले की व्याकरणाने बरोबर असलेले वाक्यही प्रसंगाला खटकते.

सहावी पायरी : ‘बझिंग’ आणि ‘बझ्ड’ यांतील धोका

माणसाच्या भावनेचा वर आलेला उल्लेख येथे पुरा करतो. ब्रिटिश बोलीभाषेत परीक्षेचा निकाल चांगला लागला, संघ जिंकला, तर तरुण मुले “आय अ‍ॅम बझिंग!” म्हणतात, म्हणजे ‘मला अतिशय आनंद झाला आहे, मी उत्साहाने भारलेलो आहे’. आता ‘थकवणारे’ आणि ‘थकलेला’ यांच्यासाठी आपण ‘टायरिंग’ व ‘टायर्ड’ अशी जोडी शिकलेलो असतो आणि माणसाच्या अवस्थेसाठी दुसरे रूप वापरायचे, हा नियम मनात पक्का झालेला असतो. त्या नियमाने “आय अ‍ॅम बझ्ड” असे म्हटले तर मोठी गल्लत होते, कारण ‘बझ्ड’ या विशेषणाचा बोलीभाषेतील अर्थ ‘थोडी दारू चढलेला’ असा आहे. मुलाखतीत किंवा नव्या सहकाऱ्यांसमोर आपला उत्साह सांगायला गेलेल्या माणसाकडून नकळत भलतेच सांगितले जाऊ शकते. उत्साह सांगायचा असेल आणि समोरच्याची बोली माहीत नसेल, तर “आय अ‍ॅम व्हेरी एक्सायटेड” हे वाक्य सर्वत्र सुरक्षित आहे.

फोन, घंटा किंवा कीटक कर्ता असताना ‘बझ्ड’ हा निव्वळ भूतकाळ असतो, तेथे हा धोका नाही.

सातवी पायरी : नात्यातले शब्द

‘बझर’ म्हणजे तसा आवाज करणारे यंत्र किंवा कळ, आणि हा शब्द मराठीतही रुळला आहे. ‘बझवर्ड’ म्हणजे सगळीकडे ऐकू येणारा, भारदस्त वाटणारा पण पुष्कळदा पोकळ शब्द. ‘बझ कट’ म्हणजे यंत्राने अगदी बारीक कापलेले केस, आणि यंत्राचा गूं आवाज त्या नावात उतरला आहे. ‘अबझ’ हे विशेषण “द टाउन वॉज अबझ विथ द न्यूज” अशा वाक्यात येते. ते नेहमी नामाच्या नंतर, ‘वॉज’ किंवा ‘इज’ यांच्यामागून ठेवावे. ‘अन अबझ टाउन’ असे म्हणत नाहीत.

‘बझर्ड’ हा शिकारी पक्षी मात्र या कुटुंबातला नाही. ते नाव जुन्या फ्रेंचमधून आले आहे आणि गुणगुणीशी त्याचा संबंध नाही. चंद्रावर 1969 साली उतरलेले अंतराळवीर बझ ऑल्ड्रिन यांचे नावही मधमाशीवरून पडलेले नाही. त्यांच्याहून थोडी मोठी असलेल्या बहिणीला लहानपणी ‘ब्रदर’ म्हणता येत नसे, ती ‘बझर’ म्हणे आणि त्याचे ‘बझ’ झाले. 1988 साली त्यांनी तेच आपले अधिकृत नाव करून घेतले. शब्दाचा ध्वनी सारखा असला म्हणून व्युत्पत्ती सारखी मानू नये, एवढ्यासाठी ही दोन उदाहरणे लक्षात ठेवावीत.

आठवी पायरी : सराव

पुढील वाक्ये प्रथम स्वतः इंग्रजीत करावीत आणि मगच खालील उत्तरे पाहावीत : डास रात्रभर माझ्या डोक्याभोवती गुणगुणत होता. खिशात फोन थरथरला, पण मी पाहिले नाही. वर्ग प्रश्नांनी गजबजला होता. मी खाली उभी आहे, कृपया दार उघडता का? त्या नव्या नाटकाची बरीच चर्चा आहे.

पहिल्या वाक्यात क्रिया बराच वेळ चालली असल्याने “अ मॉस्किटो वॉज बझिंग अराउंड माय हेड ऑल नाइट” असे चालू रूप घ्यावे. दुसऱ्यात एकदाच घडलेली क्रिया आहे, म्हणून “माय फोन बझ्ड इन माय पॉकेट, बट आय डिड नॉट लुक”. तिसऱ्यात ‘नी’साठी ‘विथ’ : “द क्लास वॉज बझिंग विथ क्वेश्चन्स”. चौथ्यात कर्म मध्ये येते : “आय अ‍ॅम डाउनस्टेअर्स, कुड यू बझ मी इन, प्लीज?” पाचव्यात एकवचनी नाम : “देअर इज अ लॉट ऑफ बझ अबाउट द न्यू प्ले”.

यानंतर वहीत ‘बझ’समोर अर्थ न लिहिता ही पाच वाक्ये लिहावीत आणि नवे वाक्य ऐकू आले की कोणत्या वाक्याच्या साच्यात ते बसते, ते पाहून त्याच्याखाली नोंदवावे. ‘हिस’, ‘क्लिक’, ‘क्रॅक’, ‘स्प्लॅश’ हे शब्द हाती घ्याल तेव्हाही कर्ता कोण, मागचा छोटा शब्द कोणता आणि मध्ये कर्म आहे का, हेच तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत. उदाहरणार्थ, “द कार स्प्लॅश्ड थ्रू द पडल” हे वाक्य मिळाले तर ते “अ बी बझ्ड पास्ट माय इअर” या वाक्याखाली लिहावे, कारण दोन्हींत ध्वनीचे क्रियापद गती सांगते.